मोत्याचे पाणी

बैलाची पारख असलेल्या माणसाची एक ठरलेली रीत असते. दात तो पाहतो ते पाहतोच. पण त्याआधी जनावराच्या पाठीवरून उलटा हात फिरवतो, मानेखालची पोळी चिमटीत धरून सोडतो आणि मग मालकाकडे बघून म्हणतो, ‘‘अंगावर त्याज हाय.’’ आमचे कडेगाव सांगली जिल्ह्यातल्या कमी पावसाच्या पट्ट्यात येते. आटपाडी, खानापूर, माण, खटाव हा सगळा खिलार बैलांचा मुलूख. इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते की, खिलाराचे ते तेज बाहेरून तेल चोळून येत नाही. गव्हाणीत सरकीची पेंड पडली की येते.

नवल एवढेच, की ही पिढ्यान्‌पिढ्यांची जाण गोठ्याच्या दारात बसलेल्या कुत्र्यापर्यंत काही पोचत नाही. बैलाचे तेज उतरले तर मालक वैरण तपासतो. कुत्र्याचे केस गळू लागले तर तोच मालक रॉकेलचा डबा शोधू लागतो!

आमच्याकडे मोत्या आला तो बेंदराच्या दुसऱ्या दिवशी. आमच्या भागात बैलांचा सण आषाढात येतो. आदल्या दिवशी गावातले बैल शिंगे रंगवून, झुली घालून मिरवले होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओसरीखाली हे ध्यान येऊन बसले. गल्लीच्या टोकाला राहणारे भाडेकरू बदली होऊन गेले होते. सामानाच्या ट्रकमध्ये मोत्याला जागा झाली नव्हती. त्याचे नाव मोत्या कुणी आणि का ठेवले, हे त्याच्याकडे पाहून कळण्याची सोय नव्हती. शेपटीपासून निम्म्या पाठीपर्यंत केस नव्हते. डोळ्यांभोवती आणि ओठांच्या कडेला राखी रंगाच्या खपल्या, कोपरांची कातडी हत्तीच्या कातडीसारखी जाड, पायांचे तळवे भेगाळलेले. बसल्या जागी तो अर्धा तास खाजवी आणि मग दमून निजे. निजेतही त्याचा मागचा पाय हालत असे.

‘‘मोत्याचं पाणी एकदा गेलं की परत येत नाही म्हणतात,’’ आमच्या आत्याबाई म्हणाल्या.

गल्लीत मोत्यावर उपायांचा पाऊस पडला. कुणी म्हणाले, ट्रॅक्टरचे जळके ऑइल फासा. कुणी रॉकेल सांगितले, कुणी गंधक आणि खोबरेल तेल. एकाने तर बॅटरीच्या पाण्याचाही विषय काढला. त्याला मी हात जोडले. आमचे कडेगाव मोहरमच्या उंच ताबुतांसाठी नावाजलेले आहे. त्या वेळी हिंदू-मुसलमान सगळे एका दोराला हात लावतात. तसाच एकोपा याही बाबतीत झाला. चार दिवसांत सगळ्या गल्लीचे एकमत झाले, की कुत्र्याला खरूज आहे आणि ते लांब सोडून यावे.

‘‘मास्तर, सागरेश्वरच्या डोंगरात सोडा बघा,’’ समोरचे अण्णा म्हणाले. ‘‘गल्लीत पोरंबाळं हायत. उद्या येकाला खाज सुटली म्हंजे?’’

त्यांचे भय खोटे नव्हते. पण सागरेश्वर म्हणजे मोकळे रान नव्हे. माणसांनी झाडे लावून उभे केलेले ते जंगल १९८५ साली अभयारण्य झाले. तिथे हरणे आहेत. उपाशी, रोगट कुत्रे तिथे सोडायचे म्हणजे एक तर त्याने हरणांच्या पाडसांमागे लागायचे, नाहीतर तडफडून मरायचे. ‘‘मला आठ दिवस द्या,’’ मी म्हणालो. ‘‘डॉक्टर काय म्हणतात ते ऐकू आणि मग ठरवू.’’

अण्णांनी आठ दिवस दिले. पण बोटावर मोजून.

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे त्यांचे शिक्षण झालेले. गाई-म्हशींच्या गर्दीत मोत्याला पाहून त्यांनी नाक मुरडले नाही. त्यांनी त्याला टेबलावर घेतले आणि नकाशा वाचावा तसा वाचला.

प्रथम त्यांनी शेपटीच्या बुडाशी केस विंचरले. त्यातून मिरपुडीसारखी काळी भुकटी पडली. ती त्यांनी ओल्या कापसावर घेतली. कापूस तांबूस झाला. ‘‘गुरुजी, ही माती नाही. ही पिसवांची विष्ठा आहे. कुत्र्याचं प्यालेलं रक्तच आहे हे.’’ मग त्यांनी बोथट पात्याने कातडी दोन-तीन ठिकाणी खरवडली आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली. खरजेचे किडे दिसले नाहीत. ‘‘पण एकदा दिसले नाहीत म्हणजे नाहीतच, असं धरून चालत नाही. पिसवा आणि खरजेचे किडे दोन्ही मरतील अशी गोळी देतो. वजन करा आधी.’’

मोत्या अठरा किलो भरला. त्याच्या हाडांच्या मापाने आणखी तीन-चार किलो असायला हवा होता.

‘‘शेपटीकडचं टक्कल पिसवांचं,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘काही कुत्र्यांना पिसवांच्या लाळेचंच वावडं असतं, थोड्या चाव्यांनीही ती अंग ओरबाडून घेतात. पण डोळ्यांभोवतीच्या, ओठांच्या कडेच्या खपल्या, ही कोपरं, हे तळवे – हे काम पिसवांचं नाही. हा खातो काय?’’

आधीच्या घरी त्याला काय मिळे ते गल्लीला ठाऊक होते. सकाळी ज्वारीची शिळी भाकरी, संध्याकाळी ज्वारीची शिळी भाकरी. सणावाराला तीच भाकरी आमटीत कुस्करून.

‘‘मग ही उपासमार आहे,’’ डॉक्टर म्हणाले.

मला ते पटेना. दोन वेळा पोटभर भाकरी खाणाऱ्याला उपाशी कसे म्हणायचे? तेव्हा, बाहेर दोन म्हशी खोळंबलेल्या असताना, त्यांनी मला जे समजावून सांगितले, ते पुढे मी पुस्तकांतूनही पडताळून पाहिले. कुत्रे पाळणाऱ्या प्रत्येक घराला ते उपयोगी पडेल, म्हणून इथे मांडतो.

कुत्र्याचा केस हा जवळजवळ सगळा प्रथिनांचा बनलेला असतो. अंगभर केस असलेल्या या प्राण्याला रोज लागणाऱ्या प्रथिनांपैकी २५ ते ३० टक्के प्रथिने नुसत्या कातडी-केसांच्या डागडुजीलाच खर्ची पडतात. घरात पैशाची ओढाताण झाली की आपण आधी घराची रंगरंगोटी थांबवतो, चूल थांबवत नाही. शरीरही तसेच करते. प्रथिने कमी पडली की हृदय, यकृत यांचा वाटा आधी निघतो, केसांचा शेवटी. म्हणून पोटातली टंचाई पहिल्यांदा पाठीवर दिसते.

दुसरी गोष्ट स्निग्धाची. १९२९ साली अमेरिकेत मिनेसोटा इथे जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या नवरा-बायकोने उंदरांना बाकी सगळे दिले, पण स्निग्ध पदार्थाचा कणही खाऊ घातला नाही. उंदरांची कातडी खवल्यांची झाली, शेपट्या खरबरीत झाल्या. मग थोडेसे स्निग्ध आहारात घातले, आणि उंदीर बरे झाले. तेलातली काही आम्ले शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती खाण्यातूनच मिळावी लागतात, हे त्यातून कळले. त्यांतले मुख्य आम्ल लिनोलिक. ते भरपूर असते कशात? आपल्या करडीच्या तेलात! आमच्या पट्ट्यात रब्बीच्या शाळवाच्या कडेने करडीच्या काटेरी ओळी वर्षानुवर्षे लावत आले. औषध बांधावर आणि कुत्रे बांधाखाली खाजवत बसलेले, अशी ही गंमत.

तिसरी गोष्ट जस्ताची. जस्त म्हटले की आपल्याला बादली आठवते. पण कातडीच्या पेशी धडपणे वाढायला त्याचा अंश लागतोच. ज्वारी-बाजरीत जस्त अगदीच नसते असे नाही, पण धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचा एक पदार्थ असतो, तो जस्ताला आतड्यात धरून ठेवतो, अंगी लागू देत नाही. मोत्याच्या डोळ्यांभोवतीच्या खपल्या त्यातून आल्या होत्या. वरून कॅल्शियमची भुकटी चारत राहिले, तर जस्त आणखीच अडते.

याचा अर्थ भाकरी हे विष आहे असा मात्र नव्हे. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले, की पिष्ट पचवणाऱ्या पाचकरसाची जनुके लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक आहेत. माणसाच्या उंबऱ्याशी राहून कुत्रा भाकरी पचवायला शिकला. पण भाकरी पचणे वेगळे आणि भाकरीवर भागणे वेगळे.

‘‘आणि हे लागट आहे का?’’ मी अण्णांचा प्रश्न विचारला.

‘‘खरजेचे किडे आणि गजकर्ण माणसाला लागू शकतं. म्हणून पंधरा दिवस पोरांना लांब ठेवा, हात साबणानं धुवा. पण उपासमार लागट नसते, गुरुजी.’’

एवढे सांगून त्यांनी गोळी, जंताचे औषध, वजनाच्या मापाने जस्ताच्या गोळ्या आणि रेबीजची लस इतके करून आम्हाला वाटेला लावले. जस्ताच्या गोळ्या आपल्या मनाने वाढवू नका, जास्त झाले तर तेही बाधते, असे दोनदा बजावले.

जेवणाचा कागद मात्र घरी आल्यावर पेटला. त्यावर पहिलीच ओळ होती : रोज एक उकडलेले अंडे. दुसरी : शिजवलेली कोंबडी, हाडे काढून. तिसरी : आठवड्यातून दोनदा थोडी कलेजी. आणि पंचांगात श्रावण लागला होता!

आमच्या आत्याबाई माळकरी. चातुर्मासात त्यांच्या ताटात कांदा-लसूणही येत नाही. कागद वाचून दाखवल्यावर त्या बराच वेळ माळेचे मणी ओढत राहिल्या. ‘‘चातुर्मासात माझ्या घरात अंडं?’’ एवढेच त्या म्हणाल्या. सौभाग्यवतीने माझ्याकडे पाहिले, मी मोत्याकडे पाहिले, मोत्याने कान खाजवला.

डॉक्टरांना मी दुसरी वाट विचारली होती. त्यांनी सांगितले, की पिशवीतले तयार खाद्य चांगल्या प्रतीचे आणि ‘संपूर्ण आहार’ असे लिहिलेले असेल, तर त्यात सगळे मापात असते. तसे आणावे, म्हणजे घरात काही शिजवायला नको, असा मी मनाशी हिशेब केला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हरिपाठ झाल्यावर आत्याबाईंनी आपण होऊन विषय काढला.

‘‘अरे, नामदेवरायांची गोष्ट आठवते का? कुत्र्यानं भाकरी पळवली, तर नामदेवराय मागं धावले. कशाला? भाकरी हिसकायला नव्हे. तुपाची वाटी घेऊन! कोरडी भाकरी खाऊ नकोस देवा, म्हणाले. म्हणजे कुत्र्याला नुसती भाकरी घालू नये हे आपल्या संतांना ठाऊक होतं. तुझ्या त्या डॉक्टरानं नवीन काय सांगितलं?’’ थोडे थांबून त्या म्हणाल्या, ‘‘माळ मी घातलीय. पांडुरंगानं कुत्र्याच्या गळ्यात काही तुळशीची माळ घातलेली नाही. परसात वेगळी चूल मांड. भांडं आत आणू नकोस.’’

त्यापुढे काही बोलण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. परसात तीन दगडांची चूल मांडली. जुने जर्मनचे पातेले मोत्याच्या नावावर झाले. कोंबडीचे दुकान असलेले गल्लीतले चाचा रोज मूठभर मांसाचे तुकडे आणि मधूनमधून कलेजी कागदात बांधून देऊ लागले. पहिल्या दिवशी त्यांनी विचारले, ‘‘मास्तर, तुमच्या घरी हे कसं चालतं?’’ मी म्हणालो, ‘‘नामदेवांच्या आज्ञेनं.’’

कुणाला उपयोगी पडावे म्हणून मोत्याचा क्रम सांगतो. नवे अन्न एकदम दिले नाही. आठवडाभर जुन्यात थोडे थोडे मिसळत नेले, नाहीतर पोट बिघडते. भाकरी निम्म्यावर आली. अंडे नेहमी उकडून. कारण कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यात बायोटिन नावाचे जीवनसत्त्व अडवून ठेवणारा पदार्थ असतो, आणि बायोटिन कातडीलाच हवे असते. कोंबडीचे शिजलेले हाड कधीही नाही. त्याच्या सुया होऊन आतड्यात रुततात. कलेजी मोजकीच, कारण तिच्यातले ‘अ’ जीवनसत्त्व अंगात साठत राहते. संध्याकाळच्या जेवणावर करडीच्या तेलाचा एक लहान चमचा. आमटी बंद, कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. दुधाऐवजी थोडे ताजे ताक, कारण पुष्कळशा मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही. बाजारात ताजी मासळी आली की आठवड्यातून एकदा तीही उकडून, काटे काढून. जवसातही मासळीच्या तेलासारखा गुण असतो म्हणतात, पण कुत्र्याच्या शरीराला त्याचे रूपांतर फारसे साधत नाही. खारवलेले सुकट मात्र दिले नाही.

बाहेरची काळजीही तितकीच घ्यावी लागली. कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर आपल्यापेक्षा पातळ असतो आणि तिची आम्लताही आपल्याहून कमी. म्हणून आपल्या अंगाचा किंवा कपड्यांचा साबण तिला सोसत नाही. असलेले नैसर्गिक तेलही तो धुऊन नेतो. डॉक्टरांनी दिलेल्या औषधी शांपूने आठवड्यातून एकदा अंघोळ, फेस दहा मिनिटे अंगावर ठेवून. ही दहा मिनिटे मोत्याला आणि मला दोघांनाही तासाभराची वाटत. खपल्या गेल्यावर अंघोळ महिन्यातून एकदा पुरली. रोज संध्याकाळी उवांच्या बारीक फणीने विंचरायचे आणि फणी साबणाच्या पाण्यात बुडवायची. पिसवा कुत्र्यावर दिसतात त्या थोड्या. त्यांची अंडी, अळ्या आणि कोश सगळे अंथरुणात आणि जमिनीच्या फटींत असतात. म्हणून मोत्याचे गोणपाट दर आठवड्याला उकळत्या पाण्यात घालून उन्हात टाकले, ओसरीच्या फटी झाडून काढल्या. जळके ऑइल कुणाला आणू दिले नाही. कुत्रा अंग चाटतो. अंगाला फासलेले सगळे शेवटी त्याच्या पोटात जाते. गंधकाचे तसे नाही, त्याची औषधे पशुवैद्यही वापरतात. पण त्याचे प्रमाण त्यांनी ठरवायचे, गल्लीने नव्हे.

आठ दिवस झाले. अण्णा आले आणि मोत्याकडे पाहून म्हणाले, ‘‘फरक तर काय दिसत न्हाई.’’

दिसत नव्हताच. खाज मात्र निम्म्याने उतरली होती. रात्री त्याचा पाय हालायचा थांबला होता. पण टक्कल ते टक्कल. कातडीचा वरचा थर नवा व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात आणि केस तर त्याहून सावकाश. खाण्याचा गुण दिसायला सहा ते आठ आठवडे धीर धरावा लागतो. हे मी अण्णांना सांगितले आणि डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. अण्णांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. ‘‘लागट न्हाई म्हंत्यात न्हवं?’’ त्यांनी विचारले. ‘‘मग ऱ्हाऊ द्या गणपतीपतुर.’’

नारळी पौर्णिमेला डोळ्यांभोवतीच्या खपल्या गळून पडल्या. गौरी जेवल्या त्या दिवशी सौभाग्यवतीला त्याच्या पाठीवर काळपट छटा दिसली. तिला वाटले, काजळी लागली. पुसायला गेली तर ते केस होते. पितृपंधरवड्यात पाठीवर मखमल आली. घटस्थापनेला मी त्याला दवाखान्यात वजनाला नेले, तर काटा एकवीसवर थांबला. डॉक्टरांनी जस्ताच्या गोळ्या बंद केल्या आणि म्हणाले, ‘‘आता ताटच पुरेल.’’ मात्र जाता जाता त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती विसरण्यासारखी नाही. सगळेच टक्कल खाण्याने जात नाही. कुणाला गजकर्ण असते, कुणाच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावलेले असते, कुणाला कातडीतलेच किडे असतात. म्हणून आधी तपासणी आणि मग ताट.

दसऱ्यानंतर मेंढ्यांचे कळप घेऊन पश्चिमेकडे निघालेले धनगर आमच्या ओढ्यापलीकडच्या रानात दोन रात्री बसले. त्यांच्या तिन्ही कुत्र्यांची अंगे कशी तुकतुकीत! मी म्हाताऱ्या धनगराला विचारले, ‘‘पाटील, काय घालता यांना?’’

तो हसला. ‘‘भाकरच की. पर मेंढीचं दूध आसतंय, येखादं मेलेलं कोकरू आसतंय, रानातलं उंदीर ती आपली आपुन धरत्यात. रातभर जागणाऱ्याला नुसती भाकर घालून भागंल व्हय, मास्तर?’’ फायटेटचे नाव त्याने ऐकले नसेल. पण नामदेवांपासून स्वीडनपर्यंत सगळ्यांचे सार त्याने एका वाक्यात सांगितले.

आता दिवाळी. आपल्याकडे नरकचतुर्दशीला माणसांचे अभ्यंगस्नान. त्याच दिवशी नेपाळात कुत्र्यांची पूजा असते. त्यांच्या कपाळी टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात आणि गोडधोड खाऊ घालतात. हे आत्याबाईंना सांगितल्यापासून मोत्यालाही उटणे लावायचे त्यांच्या मनात आहे. उटणे नको, म्हणून मी त्यांना झेंडूच्या माळेवर आणले आहे. फराळाच्या ताटापासूनही त्याला जपावे लागणार. आमच्या शेजारचे तासगाव बेदाण्यांसाठी नावाजलेले; घरोघरी चिवड्यात, शिऱ्यात बेदाणे. माणसाला ते पौष्टिक, पण कुत्र्याची मूत्रपिंडे त्यांनी निकामी होऊ शकतात. चॉकलेटही तसेच घातक. गल्लीतल्या पोरांना मी हे पाठ करून घेतले आहे. त्यांना कौतुकाने काही द्यायचे असेल तर उकडलेल्या लाल भोपळ्याची फोड द्यावी. मोत्या ती बर्फीसारखी खातो.

परवा संध्याकाळी अण्णा ओसरीवर येऊन बसले. मोत्या त्यांच्या पायाशी लवंडला होता आणि त्यांचा हात, आपण काय करतो आहोत याकडे लक्ष नसल्यासारखा, त्याच्या पाठीवरून फिरत होता. मळ्यातल्या त्यांच्या कुत्रीला पिले झाली आहेत आणि तिचे केस झडू लागले आहेत, असे बोलण्यातून निघाले.

‘‘मास्तर, त्ये करडीचं त्याल किती घालायचं म्हनला होता?’’

‘‘एक चमचा,’’ मी म्हणालो. ‘‘पण आधी डॉक्टरांना दाखवा. ती पाच-सहा पिलांना पाजते आहे, तिचं ताट मोत्यापेक्षा मोठं लागेल. आणि दोन महिने धीर धरा.’’

‘‘धरतो की,’’ अण्णा म्हणाले. ‘‘ह्येचा धरलाच न्हवं?’’